किल्ली दिली, पण नाव?

दागिना मोडायचा म्हटलं तर आपण दोन सराफांकडे वजन करून घेतो. रद्दीवाल्याच्या काट्यावरही आपलं बारीक लक्ष असतं. पण घरातली गाडी विकायची वेळ आली, की ‘ते हे बघतील’ म्हणून आपण चहा टाकायला आत जातो आणि बोलावलं की बाहेर येऊन दाखवतील तिथे सही करतो. सही आपलीच लागते, कारण बरेचदा गाडी आपल्याच नावावर असते!

मैत्रिणींनो, माझं स्पष्ट मत आहे. जिच्या नावावर गाडी, तिने या व्यवहारात बसलंच पाहिजे.

खरा घोटाळा होतो तो ओळखीच्यांत. ‘वहिनी, नाव करून घेतो की, पळून का जातोय?’ असं म्हणून माणूस किल्ली नेतो. आरटीओ जिल्ह्याच्या गावाला. खर्च येतो, दिवस मोडतो. नाव करणं राहून जातं. पुढे तो गाडी तिसऱ्याला विकून मोकळा होतो. आमच्या मंडळातल्या एका ताईंना गाडी विकून दोन वर्षं झाल्यावरही दंडाच्या चलनाचे मेसेज येत होते. दंड एकवेळ भरता येईल हो, पण अपघात झाला तर?

सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार खटल्यात याचं उत्तर दिलंय. गाडी 2007 मध्ये विकलेली, नंतर आणखी हात बदललेले. 2009 मध्ये अपघातात एक जीव गेला. नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर होती. भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली.

म्हणून काही गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा. फॉर्म 29 ही विक्रीची आपण आरटीओला द्यायची खबर. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर ती 14 दिवसांत द्यायची. नाव बदलाच्या अर्जाचा फॉर्म 30. त्यासाठी घेणाऱ्याला 30 दिवस असतात. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख आपल्यासमोर भरून घ्या आणि सगळ्याच्या झेरॉक्स ठेवा. गाडी ताब्यात दिल्याची तारीख-वेळ लिहून त्यावर त्याची सही घ्या. पैसे शक्यतो बँकेतूनच घ्या. खात्यात जमा झाल्याशिवाय किल्ली नाही. कर्ज फिटलं असेल तरी फॉर्म 35 भरून बँकेचा बोजा उतरवावा लागतो. गाडी दिवंगत पतीच्या नावावर असेल तर आधी फॉर्म 31 भरून वारसाच्या नावावर करा, मगच विका. फास्टॅग बंद करा. विम्याचा नो-क्लेम बोनसही सोडू नका. तो गाडीचा नसतो, आपला असतो. कंपनीकडून पत्र घेतलं तर पुढच्या गाडीला मिळतो.

आणि खबर दिली म्हणजे सुटलो, असं नाही. आरसीवर नवं नाव डोळ्यांनी बघेपर्यंत पाठपुरावा करायचा. त्यासाठी थोडी रक्कम मागे ठेवायचं आधीच ठरवलं तर उत्तम.

यावर कुणी म्हणेल, ‘वहिनी, एवढाही विश्वास नाही का?’ म्हणू द्या. भीड ही भिकेची बहीण, असं आपल्या आज्या उगाच म्हणत नव्हत्या. विश्वास माणसावर ठेवावा, पण कोर्टाची नोटीस येते ती कागदावरच्या नावाला. आणि ते नाव आपलं असतं!