मोहाचा हंगाम, सुट्टीचा हंगाम आणि अस्वल

मुंबई, विशेष प्रतिनिधी

परीक्षा संपल्या की लालबाग-परळपासून डोंबिवलीपर्यंतची कुटुंबे मुलांना घेऊन भायखळ्याच्या राणीबागेकडे वळतात. ऑगस्ट २०१७ मध्ये पाच रुपयांचे तिकीट ५० रुपये झाले, तरी सुट्टीतली गर्दी काही ओसरली नाही. याच मुंबईकरांपैकी ज्यांना परवडते ते त्याच दिवसांत काही हजार रुपये मोजून ताडोबाच्या जिप्सीत बसतात. राणीबागेत काचेआड किंवा खंदकापलीकडे राहिलेले अस्वल तिथे पाणवठ्यावर अगदी दहा-पंधरा पावलांवर येऊन उभे राहते. जंगलातून परतणाऱ्याकडे सांगण्यासारखा प्रसंग असतो.

या जवळिकीची किंमत मात्र दुसराच कुणी मोजतो.

मार्च-एप्रिलमध्ये विदर्भाच्या जंगलात मोह फुलतो. फुले रात्रभर गळतात आणि पहाटे झाडाखाली त्यांचा सडा पडतो. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांतील हजारो कुटुंबांची वर्षाची मीठमिरची या फुलांवर आणि पाठोपाठ येणाऱ्या तेंदूपत्त्यावर अवलंबून असते. अस्वलालाही मोह तितकाच प्रिय. त्यामुळे अंधार सरण्याआधी टोपली घेऊन निघालेली बाई आणि रात्रीचे खाणे आवरत आलेले अस्वल यांची गाठ एकाच झाडाखाली पडते. पर्यटकाच्या सुट्टीचा आणि मोहाचा हंगाम एकमेकांना लागूनच येतो, ही यातली मेख आहे. एकच प्राणी, एकच उन्हाळा. एकजण लोखंडी गाडीत बसलेला, दुसरी वाकून फुले वेचणारी.

अस्वल वाघाप्रमाणे माणसाला टाळून वाट काढत नाही, कारण त्याला माणूस वेळेवर कळतच नाही. त्याचे नाक तीक्ष्ण. पण दृष्टी अधू आणि कानही बेताचे. वाळवीच्या वारुळात तोंड खुपसून, वरच्या जबड्यातील दोन पुढच्या दातांच्या फटीतून ते वाळवी जोराने ओढून घेत असते, तेव्हा तर त्याला आजूबाजूचे भान नसते. माणूस अचानक पुढ्यात आला की ते दचकते आणि पळण्याऐवजी अंगावर येते. पिले पाठीवर असतील तर विचारायलाच नको. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी ताडोबात सफारीवरील निसर्गमार्गदर्शकाने टिपलेल्या चित्रफितीत पिलासाठी एक मादी 'मटकासुर' या धिप्पाड वाघाशी भिडलेली जगाने पाहिली. वाघाला मागे सरावे लागले. त्या दृश्याचे कौतुक झाले ते योग्यच. पण वाघाशी झुंजणारे हेच नखांचे पंजे माणसावर पडतात तेव्हा काय होते, याची चित्रफीत कुणी पाहत नाही.

अस्वल बहुधा जिवे मारत नाही. ते चेहरा, डोळे, टाळू फाडून निघून जाते. सरकारी अर्थसाहाय्याची रचना मात्र मृत्यूभोवती उभी आहे. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास वारसांना मिळणारी रक्कम राज्याने २०२२ मध्ये १५ लाखांवरून २० लाखांवर नेली आणि पुढे ती २५ लाख केली. जखमींसाठीची रक्कम त्याहून पुष्कळ कमी आहे. एक डोळा गमावलेल्या, जबडा तुटलेल्या, पुन्हा जंगलात पाऊल टाकायला धजावत नसलेल्या माणसाचा संसार त्या रकमेत किती वर्षे चालेल, याचा हिशेब शासन निर्णयांत मांडलेला आढळत नाही.

हा प्रश्न विदर्भापुरता आहे, असेही मुंबईकरांनी समजू नये. आंबोली, तिलारी, चंदगड या सह्याद्रीच्या पट्ट्यातही अस्वले आहेत. पावसाळी सहलीला आंबोलीत उतरणाऱ्या अनेकांना हे ठाऊक नसते. पायी फिरताना गटाने राहणे, बोलत चालणे, पहाटे व संध्याकाळी झाडीत न शिरणे, या साध्या सूचना तिथल्या प्रत्येक लॉजच्या भिंतीवर असायला हरकत नाही.

अस्वलाशी मुंबईचे नाते तसे जुने. १८८३ साली आठ हौशी निसर्गप्रेमी भायखळ्याच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन झाली. तेव्हा अस्वल ही शिकाऱ्याची मिरवण्याची वस्तू होती. पुढे गिरगाव-लालबागच्या चाळींत दरवेशी नाकात वेसण घातलेले अस्वल नाचवीत आणि त्याचे केस ताईतात घालून विकत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा खेळ बेकायदा ठरला. देशात तो प्रत्यक्ष थांबायला २००९ साल उजाडले. बंदूक गेली, वेसण गेली. अस्वल जवळून पाहण्याची हौस तेवढी शिल्लक आहे.

ती हौस भागवणारा व्यवसाय आता मोठा झाला आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी कोंडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली. चालक व मार्गदर्शक निलंबित झाले. वाघिणीसाठी एवढी खळबळ झाली ते बरेच झाले. तथापि, अस्वलाला गाड्यांनी असेच घेरले तर ते बिथरून ज्या दिशेने सुटेल, त्या दिशेला बफर क्षेत्रात बहुधा एखादे गाव असते. गाड्यांमधले अंतर मोजणारे नियम आहेत. गावकऱ्यांना मोहाच्या हंगामात पहाटेच्या फेऱ्यांची वेळ कळवण्याची, किंवा त्या पंधरा-वीस दिवसांत मोहाच्या पट्ट्यातील फेऱ्या उशिरा सोडण्याची तरतूद करणे अवघड नाही. सफारीच्या उत्पन्नातील वाटा गावांना मिळतो, असे वन विभाग सांगतो. त्यातून मोहाच्या झाडाखाली जाळी अंथरून दिली, तर फुले उजाडल्यावर गोळा करता येतील आणि पहाटेची ती गाठ टळेल.