एसीची खरी किंमत दुकानात कळत नाही

"वस्तीत घरोघरी एसी लागलेत, आता यांना कसल्या सवलती हव्यात?" हा टोमणा हल्ली नागपुरात दर उन्हाळ्यात ऐकू येतो. विचारणारा बहुधा शिकलेला, नोकरदार असतो. त्याच्या स्वतःच्या घरी दोन एसी असतात आणि ते त्याला चैन वाटत नाहीत. आपल्या माणसाच्या भिंतीवर एक दिसला की तो मात्र लगेच श्रीमंतीचा पुरावा होतो. आधी मोबाइलवरून हेच बोललं जायचं, त्याआधी मोटरसायकलवरून. पण या टोमण्याला नुसतं रागावून उत्तर देण्यात अर्थ नाही. तो एसी त्या घराला कितीला पडला, याचा हिशोब मांडू या.

इंदोरा, लष्करीबाग, पाचपावली, रामबाग, इमामवाडा या भागांतली जुनी घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना फार सांगायला नको. मिलमध्ये, बिडी कारखान्यात, रेल्वेत राबलेल्या आजोबांनी बांधलेली घरं ती. भिंत मातीत रचलेल्या विटांची, नाहीतर चार इंची. वर पूर्वी कवेलू होते, आता टिन. मेच्या दुपारी ते टिन हात लावू देत नाही, आणि सूर्य मावळल्यावरही कितीतरी वेळ खालच्या माणसावर उष्णता ओतत राहतं. वायरिंग लाकडी पट्टीवरचं, दोन तारांचं. अर्थिंगची तिसरी तार अनेक घरांत नाहीच.

आता या घरात दीड टनाचा, तीन स्टारचा एसी आणा. दुकानात तो साधारण पस्तीस ते चाळीस हजारांना मिळतो. हप्त्यांवर मिळतो, म्हणून तर आला. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला यावर बसवणुकीचे तीन-चार हजार लागतात आणि संध्याकाळी खोली थंड होते. जुन्या घरात मिस्त्री आला की पहिल्यांदा भिंत ठोकून पाहतो आणि मान हलवतो. बाहेरचं युनिट तीसेक किलोचं. मातीच्या जोडाईत बोल्ट धरत नाही. मग ते खाली ओट्यावर ठेवायचं, त्याला लोखंडी जाळी करायची, तांब्याचा पाइप जास्तीचा घ्यायचा. या पाइपचा दर मीटरवर असतो आणि मीटरला हजाराच्या आसपास जातो. जुन्या तारेवर एसी चालवला तर तार तापते, म्हणून मीटरपासून वेगळी जाड तार आणि एमसीबी, म्हणजे पाच-सहा हजार. अर्थिंगचा खड्डा, चार-पाच हजार. व्होल्टेज खालीवर होतं, म्हणून स्टॅबिलायझर, तीन-चार हजार. एवढं करूनही खोली थंड होत नाही, कारण टिन आणि भिंत यांच्या मधल्या फटीतून गारवा निघून जातो. मग पीव्हीसीचं सिलिंग. बारा बाय बाराच्या खोलीला शंभर रुपये फुटानं चौदा-पंधरा हजार. दारं-खिडक्यांच्या फटी बुजवणं वेगळंच.

बेरीज केली तर घर एसी लावण्यालायक करण्याचा खर्च जवळपास एसीच्या किमतीइतकाच होतो. गरीब माणूस तोच एसी दुप्पट किमतीला घेतो, आणि तरी त्याला गारवा फ्लॅटवाल्यापेक्षा कमीच मिळतो. एवढा खर्च झेपत नाही म्हणून बहुतेक घरं यातलं काहीतरी गाळतात. काय गाळतात? जे डोळ्यांना दिसत नाही ते. म्हणजे अर्थिंग आणि तार. विदर्भात दर उन्हाळ्यात लोखंडी कूलरचा शॉक लागून लेकरं आणि बायाबापड्या मेल्याच्या बातम्या येतात. पेपर त्याला 'दुर्दैवी अपघात' म्हणतो. पण घरात अर्थिंग नसणं हे दुर्दैव नव्हे, तो न झालेला खर्च आहे.

कूलर का वापरत नाहीत, असंही काहीजण विचारतात. वापरतात. आमच्याकडच्या कोरड्या उन्हात तो एप्रिल-मेमध्ये चांगलं काम करतो. पण मोठ्या कूलरला दिवसाकाठी शंभर लिटरच्या आसपास पाणी लागतं, आणि ज्या गल्लीत नळ तासभर येतो तिथे ते पाणी प्यायच्या पाण्यातून काढावं लागतं. शिवाय जूनमध्ये हवेत दमटपणा आला की कूलर फक्त चिकचिक वाढवतो. ज्याला सकाळी सहाला साइटवर किंवा झाडू घेऊन रस्त्यावर जायचंय त्याला रात्रीची झोप हवी असते. दिवसभर ऊन अंगावर घेणारा माणूस रात्रीही तापलेल्या टिनाखाली असेल तर त्याचं शरीर सावरणार कधी? एसीचा प्रश्न वस्तीत खरं म्हणजे झोपेचा प्रश्न आहे.

पुढे येतं बिल. दीड टनाचा एसी रात्री आठ तास चालला तर अशा घरात आठ-दहा युनिट सहज जातात, महिन्याला अडीचशे-तीनशे. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे आहेत. पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० ला दर दुपटीच्या आसपास, ३०० च्या पुढे आणखी वर. जास्त वापरणाऱ्याने जास्त भरावं, हे तत्त्व चांगलंच आहे. पण टप्पा माणसं मोजत नाही, मीटर मोजतो. जुन्या घरात तीन भावांचे तीन संसार आणि मीटर एकच, आजोबांच्या नावाचं. तिघांचा साधा वापर मिळूनच १०० चा टप्पा ओलांडलेला असतो. त्यात एकाने एसी लावला की त्याचं प्रत्येक युनिट महागड्या दरात पडतं, आणि उरलेल्या दोघांशी भांडण वेगळं. वेगळं मीटर मागायला गेलं तर वाटणीचे कागद लागतात. कागद नाहीत, कारण अनेक वस्त्यांत मालकी पट्ट्यांचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलंय. बंगल्यात राहणारे चौघेजण आणि एका मीटरवरचे चौदाजण दरपत्रकाच्या लेखी सारखेच ठरतात.

गल्लीचं एक सांगायचं राहिलं. आमच्या गल्ल्या चार-पाच फुटांच्या. ओट्यावर ठेवलेलं युनिट गरम हवा फेकतं ती थेट समोरच्या दारात. ज्याच्याकडे एसी नाही त्याची रात्र शेजाऱ्याच्या एसीने आणखी तापते, मग तोही कर्ज काढतो. यात शेजाऱ्याची चूक नाही, आणि गल्ली इतकी अरुंद का राहिली हे विचारल्याशिवाय त्याला दोष देऊ नये.

आता सरकारने काय केलं ते पाहा. २०१९ मध्ये केंद्राने 'इंडिया कूलिंग अ‍ॅक्शन प्लॅन' आणला. त्यात गारवा सर्वांना मिळावा असं म्हटलंय, चांगली गोष्ट आहे. २०१८ च्या 'इको-निवास संहिते'त घराच्या भिंती-छतातून उष्णता किती आत यावी याचे नियम आहेत, पण ते नव्या बांधकामाला, तेही ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटला. आमच्या वस्तीत एवढ्या जागेत डझनभर घरं उभी असतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. मूळ किंमत तीस हजार धरली तर तीन हजार वाचले, म्हणजे अर्थिंगचा खड्डाही त्यात होत नाही. पंतप्रधान आवासमधून स्वतःच्या जागेवर बांधायला अडीच लाख मिळतात, पण जागा कागदावर आपली असेल तर. नुसतं छत आणि वायरिंग बदलायचं असेल तर त्यात जागा नाही. जिकडे पाहावं तिकडे यंत्राला सवलत आणि नव्या घराला नियम. जुनं घर मोजायलाही कुणी जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एसी आणि कूलर एकाच प्रश्नात विचारतात. लोखंडी कूलर आणि इन्व्हर्टर एसी एकाच रकान्यात टाकल्यावर कुणाच्या घरी काय आहे हे कसं कळणार?

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेब श्रम खात्याचे सदस्य होते आणि वीज त्याच खात्याकडे होती. वीज सरकारच्या हाती असावी की खासगी कंपन्यांच्या, ती स्वस्त आणि भरपूर कशी मिळेल, हे प्रश्न त्यांनी १९४३ मध्येच धोरण समितीसमोर ठेवले होते. गरिबीतून बाहेर पडण्याच्या वाटेत ते विजेला धरत होते. आपल्या चळवळीत जयंतीला हे भाषणांत येतं, पण वीज बिलाचा मोर्चा काढायचा म्हटलं की तो प्रश्न 'सामाजिक' वाटत नाही. मला तो पूर्ण सामाजिक वाटतो. जुनं, कच्चं, बिनकागदाचं घर कुणाच्या वाट्याला आलं, हे जात न पाहता सांगता येत नाही.

मागण्या साध्या आहेत. टिनाच्या प्रत्येक घराला महापालिकेने पांढरा परावर्तक थर द्यावा. तेलंगणाने २०२३ मध्ये त्यासाठी 'कूल रूफ' धोरणच केलं आहे, आणि या थराला एसीच्या तुलनेत फारच थोडा पैसा लागतो. वस्तीतल्या घरांच्या अर्थिंगची तपासणी उन्हाळ्याआधी फुकट व्हावी. पट्टा नसला तरी राहत्या प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र मीटर मिळावं, शिधापत्रिका वेगळी आहे एवढा पुरावा पुरे धरावा. येत्या फेब्रुवारीत आपापल्या प्रभागात या तीन गोष्टींचे अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं मे महिन्यात कुणाला आठवत नाही.