नकाशात आपली गल्ली कुठे आहे?

मागच्या रमजानमध्ये सहेरीच्या वेळी शेजारच्या चाचींच्या छातीत दुखू लागले. ॲम्ब्युलन्स बोलावली. थोड्या वेळाने ड्रायव्हरचा फोन आला, "सर, मॅप तो यहीं तक बतारा." गाडी मागच्या बोळात अडकली होती. तिथून मोटारसायकलही अंग चोरून जाते. मी धावत गेलो आणि तिला फिरवून मोठ्या रस्त्याने आणले. चाची वाचल्या, अल्हम्दुलिल्लाह. पण ती गेलेली वेळ डोक्यातून जात नाही.

गाडीला रस्ता दाखवणारा नकाशा म्हणजे नुसते चित्र नाही, ती नोंदवही आहे. रस्त्याचा प्रत्येक तुकडा, एकेरी वाहतूक, कुठे वळता येत नाही, रुंदी किती, कमान किती उंच, हे सारे तिच्यात लिहावे लागते. लिहिले नसेल, तर यंत्राला बोळ आणि हमरस्ता सारखाच. आपले शहर तर दरवाजांचे. भडकल, मकाई, पैठण, दिल्ली दरवाजा आणि त्यांच्या आतल्या गल्ल्या. इथे अशा नोंदींची गरज इतरांपेक्षा जास्त.

नावांचेही तसेच. 1610 मध्ये मलिक अंबरने वसवलेली खडकी पुढे फतेहनगर झाली, मग औरंगाबाद आणि 2023 पासून अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर. नावावरून आपण खूप भांडलो. नोंदवहीत मात्र एकाच जागेसाठी सध्याचे नाव, जुने नाव, मराठी, उर्दू असे वेगळे रकाने ठेवता येतात. म्हातारी खाला फोनवर मोहल्ल्याचे जुने नाव सांगते, ड्रायव्हर नवे शोधतो. दोघांना एकच घर सापडायला हवे.

2004 मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर कोणीही खाते उघडून अशा नोंदी करू शकतो. गुगलच्या नकाशातही चूक कळवण्याची सोय आहे. आपल्या वस्त्यांकडे कोणी बघत नाही, ही तक्रार आपण नेहमी करतो. ती खोटी नाही. पण आपली गल्ली किती फूट रुंद आहे हे आपणच लिहिले नाही, तर दुसऱ्याला कसे कळणार?

या सुट्टीत आठवीच्या मुलांच्या हाती टेप देऊन मी गल्ल्या मोजायला लावणार आहे. गणिताचा सराव होईल, भूगोलाचाही. तुमच्या मोहल्ल्यात हे काम कोण करणार, तेवढे आजच ठरवा. पुढची ॲम्ब्युलन्स कोणाच्या दारी येईल, सांगता येत नाही.