शोभेची रताळवेल : माप आपल्या हाती ठेवा

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. मोजताना कापड किती ताणले, हे आम्ही लांबूनही ओळखतो. पण गेल्या साली गोदामापुढच्या मोकळ्या जागेत शोभेची रताळवेल लावायची ठरली, तेव्हा आम्हीच मापात फसलो. जागा 100 चौरस फूट. ठेकेदाराने अर्ध्या-अर्ध्या फुटावर 400 रोपे लावली. दोन महिन्यांत वेलावर वेल चढली आणि खालची पाने कुजली.

ही वेल आपल्या खाण्यातल्या रताळ्याचीच, फक्त पानांच्या रंगासाठी निवडलेली. पोपटी पानांची 'मार्गारिटा' आणि काळसर जांभळी 'ब्लॅकी' या प्रसिद्ध जाती. उंची जेमतेम फूटभर, पसारा मात्र चार-पाच फूट. म्हणून दीड-दीड फुटावर एक रोप पुरते. हिशेब करा : 100 चौरस फुटांना सुमारे 45 रोपे. आम्ही जवळजवळ नऊपट माल विकत घेतला!

दोष एकट्या ठेकेदाराचा नाही. त्याला पैसे रोपामागे मिळतात, आणि आपल्याला पहिल्याच दिवशी भरगच्च बाग हवी असते. दीड-दोन महिने धीर धरला, तर वेल स्वतःच जमीन झाकते आणि तणालाही फारशी जागा उरत नाही.

काही गोष्टी आधीच सांगाव्यात. ही वेल लॉनसारखी तुडवून चालत नाही. तिला ऊन हवे. दाट सावलीत जांभळा रंग हिरवट पडतो. पावसाचे पाणी साचले तर मुळे सडतात. सोंड्या भुंगा रताळ्याप्रमाणे हिलाही लागतो.

आमचे खरे सांगणे कारागीर बांधवांच्या मुलांना आहे. या वेलीला बियाणे विकत घ्यावे लागत नाही. दोन-तीन पेऱ्यांचा तुकडा ओल्या मातीत रोवला की मुळे फुटतात. पसारा आवरण्यासाठी केलेली छाटणी हेच पुढचे बेणे. घरामागे थोडी जागा आणि पाणी असेल, तर हा जोडधंदा लहान भांडवलात उभा राहतो. मात्र एखाद्या नव्या जातीवर पैदासकाराचा हक्क नोंदलेला असेल, तर विकण्यापूर्वी चौकशी करावी.

आणि गिऱ्हाइकाने 400 रोपे मागितली, तरी त्याला 45 चा हिशेब सांगावा. आज विक्री कमी होईल, पण ते गिऱ्हाईक पुन्हा येईल. आमच्या ठेकेदाराकडे आम्ही परत गेलो नाही.