‘मिनिस्टर’ शब्दाचा अर्थ

इंग्रजी निबंधांच्या वह्या तपासीत असता एका विद्यार्थ्याचे वाक्य आमच्या दृष्टीस पडले. ‘मी मिनिस्टर होईन तेव्हा सर्व लोक माझी आज्ञा पाळतील,’ असा त्याचा आशय होता. ‘व्हेन’च्या वाक्यांशात त्याने ‘शॅल’ घातले होते, आणि ‘मिनिस्टर’पूर्वीचे ‘ए’ हे उपपद गाळले होते. आम्ही तांबड्या शाईने दोन्ही चुका दुरुस्त केल्या व पान उलटले. तिसरी व सर्वांत मोठी चूक घरी आल्यावर ध्यानात आली.

‘मिनिस्टर’ हा मूळचा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ सेवक, आणि त्याच्या मुळाशी ‘कमी’ हा भाव आहे. ज्या ‘मॅजिस्टर’पासून ‘मास्तर’ शब्द आला, त्याच्या मुळाशी मात्र ‘अधिक’ हा भाव आहे! आपल्या ‘मंत्री’ शब्दातही मसलत आहे, हुकूम नाही.

वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले, ते त्यांचा गुरू असूनच. मग आम्ही मास्तरांनी अधिकपणाचा ताठा कशास मिरवावा? मॉनिटर स्वतः बसून दुसऱ्याकडून फळा पुसवून घेतो, हे आम्ही नित्य पाहतो व गप्प राहतो. त्या मुलाने आपले वाक्य तेथेच शिकले नसेल कशावरून?

पालकांस आमची नम्र विनंती आहे की, मुलास ‘मोठा साहेब हो’ असा आशीर्वाद देताना, घरी त्याचे ताट कोण उचलते हेही पाहावे. ती वही आम्ही परत मागविली आहे. तिसरी चूकही आता दुरुस्त करू. पण ती तांबड्या शाईने होणार नाही. उद्या फळा आम्हीच पुसू.