मर्जीचा दरवाजा

न्याय मिळणे ही एक गोष्ट आहे, आणि तो का मिळाला अगर का मिळाला नाही हे पक्षकारास कळणे ही दुसरी. पहिलीविषयी आपल्या देशात पुष्कळ बोलले जाते. दुसरीविषयी फारच थोडे. आज आम्ही वाचकांपुढे जो प्रश्न मांडीत आहोत तो या दुसऱ्या गोष्टीचा आहे.

अंबरनाथनजीकच्या पालेगावातील एखाद्या कुटुंबाचा वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीचा दावा आहे असे समजा. काल जेथे भात पिकत होते तेथे आज इमारती उठत आहेत. जमिनीस भाव आला की भाऊबंदकीस निराळे निमित्त लागत नाही. दावा कल्याणास लागतो, जिल्हा न्यायाधीशापुढे पहिले अपील होते, आणि कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न निघत असेल तर दुसरे अपील मुंबईस हायकोर्टात चालते. या प्रत्येक पायरीवर निकाल कसाही लागो, निकालपत्र हाती येते. त्यात मुद्दे असतात, कारणे असतात. हरलेला मनुष्यही ते वकिलाकडून समजावून घेऊन आपली बाजू कोठे लंगडी पडली हे जाणू शकतो. पुढे तो कर्ज काढून दिल्लीस जातो. तेथे त्याचे प्रकरण पुकारले जाते, काही मिनिटे बोलणे होते, आणि बहुधा याचिका फेटाळली एवढी एकच ओळ त्याच्या पदरात पडते. चौदाशे किलोमीटरांचा प्रवास करून त्याने काय आणले, असे घरच्यांनी विचारल्यास त्याने काय सांगावे?

असे का होते हे नीट समजून घेतले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयात अपील करणे हा सर्वांचा हक्क आहे अशी लोकांची समजूत असते. ती बरोबर नाही. दिवाणी कामात घटनेच्या १३३ व्या अनुच्छेदाप्रमाणे हायकोर्टाने प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि ते सार्वत्रिक महत्त्वाचा व सर्वोच्च न्यायालयानेच सोडवावा असा कायद्याचा प्रश्न असेल तरच मिळते. पूर्वी वीस हजार रुपयांच्या दाव्यास हा मार्ग रकमेच्या बळावरच मोकळा असे. १९७२ सालच्या तिसाव्या घटनादुरुस्तीने ती अट काढून टाकली, व श्रीमंताचा दावा तेवढा मोठा हा जुना न्याय संपला, हे योग्यच झाले. फौजदारी कामात १३४ वा अनुच्छेद आहे. खालच्या कोर्टाने सोडलेल्या आरोपीस हायकोर्टाने फाशी दिली, तर त्यास अपिलाचा हक्क आहे. १९७० सालच्या कायद्याने हा हक्क अशाच रीतीने जन्मठेप किंवा दहा वर्षांहून कमी नसलेली कैद झालेल्यांसही मिळाला. परंतु खालच्या कोर्टाने दिलेली फाशी हायकोर्टाने कायम केली तर? तर घटनेने केवळ त्या कारणास्तव कोणताही हक्क दिलेला नाही! प्रमाणपत्र मिळाले तर बरे; नाही तर १३६ व्या अनुच्छेदाखाली विशेष अनुमती मागणे, हाच एक मार्ग.

ही विशेष अनुमती म्हणजे सर्वोच्च न्यायालयाची मर्जी. तिचा उपयोग क्वचित व असाधारण प्रसंगीच करावा असे त्या न्यायालयाने १९५० सालीच ठरविले. पण व्यवहारात झाले उलटे: हक्काचा दरवाजा अरुंद राहिला आणि मर्जीचाच दरवाजा राजमार्ग बनला. बरे, याचिका कारणे न देता फेटाळली म्हणजे हायकोर्टाचा निकाल बरोबर ठरला असेही नव्हे. केवळ अशा फेटाळणीने खालचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात विलीन होत नाही, असे २००० साली त्याच न्यायालयाने सांगितले. म्हणजे पक्षकार हरतो, पण आपण चुकलो म्हणून हरलो की न्यायालयास वेळ नव्हता म्हणून हरलो, हे त्यास कधीच कळत नाही.

ही मर्जी आपणांस कोणाकडून वारशाने मिळाली? प्रिव्ही कौन्सिलाकडून. लोकमान्य टिळकांच्याच आयुष्यात तिची दोन्ही रूपे दिसतात. १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात दीड वर्षाची सक्तमजुरी झाल्यावर त्यांनी लंडनला अपिलाची परवानगी मागितली. ती नाकारण्यात आली. तेच टिळक ताईमहाराज प्रकरणात, म्हणजे दत्तकाच्या दिवाणी वादात, तेथे पोहोचले, आणि हायकोर्टात विरुद्ध गेलेला निकाल प्रिव्ही कौन्सिलाने १९१५ साली फिरविला. दौलतीच्या वारसाचे अपील ऐकले गेले, देशभक्ताच्या तुरुंगवासाचे ऐकले गेले नाही! परक्या राजाच्या मर्जीचा हा प्रकार समजण्याजोगा होता. ऑक्टोबर १९४९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलाचा अधिकार संपला. परंतु राजाची मर्जी गेली तरी मर्जी गेली नाही, एवढेच आम्हांस सुचवावयाचे आहे.

यावर कोणी म्हणेल की, कारणे सांगितली काय आणि न सांगितली काय, निकाल तोच राहणार. त्यांनी पुढील हकीकत लक्षपूर्वक वाचावी. महाराष्ट्रातील २००३ सालच्या एका दरोडा व खुनाच्या प्रकरणात भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांस नाशिकच्या कोर्टाने फाशी सुनावली. हायकोर्टाने तिघांची फाशी कायम केली व तिघांस जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने साहींस फाशी दिली. पुनर्विलोकनाचे अर्ज उघड सुनावणीवाचून फेटाळले गेले. पुढे २०१४ साली घटनापीठाने असा नियम घातला की, फाशीच्या प्रकरणातील पुनर्विलोकन उघड न्यायालयात, वकिलाचे म्हणणे तोंडी ऐकूनच झाले पाहिजे. त्या नियमाच्या आधारे हे प्रकरण पुन्हा उघडले. तेव्हा दिसून आले काय? घटनेतून वाचलेल्या स्त्रीने आरंभी पोलिसांनी दाखविलेल्या छायाचित्रांतून दुसऱ्याच चार इसमांना ओळखले होते! ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले, आणि प्रत्येकास पाच लाख रुपये देण्याचा हुकूम सरकारास झाला. पुरावा २००९ मध्ये होता तोच २०१९ मध्ये होता; फरक पडला तो ऐकून घेण्याच्या रीतीत. सहा माणसांचे प्राण एका कार्यपद्धतीच्या नियमाने वाचले.

न्यायालयासही ही गोष्ट पटलेली आहे. फाशीच्या प्रकरणात विशेष अनुमतीची याचिका कारणे दिल्यावाचून फेटाळू नये, असे त्याने २०१८ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात सांगितले. आमचे म्हणणे एवढेच की, जे तत्त्व फासाच्या दोरीपुरते मान्य झाले ते तेथेच थांबू नये. जन्मठेपेच्या कैद्याचे उरलेले सर्व आयुष्य पणास लागलेले असते. त्याला चार ओळींचे कारण मिळू नये काय? दिवाणी कामातही जेथे खालच्या दोन कोर्टांचे निकाल परस्परविरुद्ध असतील, तेथे हात का घातला नाही हे सांगण्यास फार शाई खर्चावी लागणार नाही.

कामाचा बोजा मोठा आहे, हा आक्षेप खरा आहे, आणि तो आम्ही हलका लेखीत नाही. १९५० साली आठ न्यायाधीशांनी सुरू झालेल्या या न्यायालयाची न्यायाधीशसंख्या २०१९ साली चौतीसवर नेण्यात आली, तरी ओघ थांबला नाही. पण त्यावर उपाय मौन हा नव्हे. विधि आयोगाने २००९ सालच्या २२९ व्या अहवालात घटनापीठ दिल्लीस ठेवून अपिलांसाठी चार दिशांस चार पीठे स्थापावी, त्यांतील एक मुंबईस असावे, अशी शिफारस केली होती. घटनेचा १३० वा अनुच्छेद सरन्यायाधीशांस, राष्ट्रपतींच्या संमतीने, दिल्लीबाहेर बसण्याची मुभा देतो. दूर बसल्यानेच न्यायाची प्रतिष्ठा राहते, हे आम्हांस मान्य नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाचे फिरते खंडपीठ कोल्हापुरास सुरू झाले, तेव्हा सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांचा मुंबईचा फेरा चुकला. हायकोर्टाचा दरारा त्यामुळे तसूभरही कमी झालेला नाही.

सत्ता जितकी उंच तितके तिच्यावर कारणे देण्याचे बंधन अधिक, हे तत्त्व आपण परकीय सरकारास अर्धशतकाहून अधिक काळ शिकवीत होतो. ते आपल्या सर्वोच्च न्यायालयास लागू करण्यात त्याचा अनादर नाही; तेथून येणाऱ्या शब्दाची किंमत आम्ही जाणतो, म्हणूनच तो मागतो. पालेगावच्या पक्षकारास आपला दावा हरल्याचे दुःख सोसवेल; आपण का हरलो हे कोणी सांगितलेच नाही, हे मात्र स्वतंत्र देशाच्या नागरिकास सोसवू नये.