झऱ्याचं पाणी आहे, उकळायचं कशाला?

कावीळ किंवा टायफॉइडचा रुग्ण समोर आला की मी आधी पाण्याची चौकशी करतो. आमच्या मुळशीत एक उत्तर हमखास मिळतं: "डॉक्टर, आमचं पाणी डोंगरातल्या झऱ्याचं आहे. ते कशाला उकळायचं?"

पाणी नितळ, थंडगार, चवीला गोड. पण नितळ म्हणजे निर्जंतुक नव्हे. मातीच्या जाड थरातून हळूहळू झिरपलेल्या पाण्यातले बरेच जंतू वाटेत अडतात. खडकाच्या भेगांतून भराभर येणाऱ्या पाण्याला अशी गाळणी मिळत नाही. चुनखडीच्या प्रदेशात तर पाण्याने खडक विरघळून भुयारं होतात. तिथले मोठे झरे म्हणजे जमिनीखालच्या नद्याच. आपल्या सह्याद्रीचा काळा खडक तसा विरघळत नाही, पण भेगा त्यालाही आहेत.

स्वित्झर्लंडमधल्या लाउझेन गावात १८७२ साली टायफॉइडची साथ आली. सुमारे ८०० वस्तीच्या गावात १३० जण आजारी पडले. सगळे एकाच झऱ्याचं पाणी पीत होते. स्वतःच्या विहिरी असलेली सहा घरं मात्र वाचली. डोंगरापलीकडच्या एका शेतघरात आधी टायफॉइडचा रुग्ण होता, आणि तिथली घाण जवळच्या ओढ्यात जात होती. त्या बाजूच्या पाण्यात मीठ टाकलं, तेव्हा गावचा झरा खारट झाला!

आता आपल्याकडे बघा. डोंगरउतारावर बंगले, फार्महाऊस, प्लॉटिंग वाढतंय. प्रत्येकाचा शोषखड्डा कुणाच्या तरी झऱ्याच्या वर आहे. माझं स्पष्ट मत आहे की झऱ्याच्या वरच्या अंगाला शोषखड्डा, गोठा, उकिरडा यांना परवानगीच नसावी. झरा बांधून, झाकून घ्यावा. ग्रामपंचायतीने पाणी तपासून घ्यावं, टाकीत नियमित ब्लीचिंग पावडर टाकावी, आणि गावकऱ्यांनी "पाण्याला वास येतो" म्हणून ती बंद पाडू नये.

हे होईपर्यंत घरी पाणी खळखळून उकळा आणि झाकून ठेवा. घरात गर्भवती असेल तर अजिबात हयगय नको. दूषित पाण्यातून होणारी 'हिपॅटायटिस ई' ही कावीळ शेवटच्या तीन महिन्यांत आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते.

झरा ही गावाची पुण्याई आहे. ती जपायची, पण पाणी उकळूनच प्यायचं.